बेरेनिकेचं पाणी

वीज कंपनीच्या भरारी पथकात मी एकोणीस वर्षं काढली. चोरीची वीज पकडणं हे आमचं काम. लोक तारेवर आकडा टाकतात, मीटरला चुंबक लावतात, शिशाचं सील उचकटून पुन्हा तसंच बसवतात, आणि आम्ही दारात उभे राहिलो की पहिल्यांदा चहा विचारतात. चहा विचारला की समजायचं, मीटरमध्ये गडबड आहे. प्रामाणिक माणूस आधी "काय काम हाय?" म्हणून खेकसतो. ही माझी आयुष्यभराची विद्या, आणि माणूस निवृत्त झाला म्हणून विद्या निवृत्त होत नाही.

त्यामुळे डिसेंबरातल्या एका मंगळवारी माझ्या बायकोने, प्रेमिलाने, मी न मागता दुपारी तीन वाजता चहाचा कप समोर ठेवला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चहा हवा असेल तर मी मागतो आणि ती कुरकुरत करते, ही आमच्या घरची रीत.

"काहून वं, आज चहा?"

"काहून म्हंजे? प्या ना गुमान."

मी प्यालो. पण प्रत्येक घोटाला तिच्याकडे पाहत होतो, आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती.

आमचं घर नागपूरजवळ बेसा इथल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. चोवीस फ्लॅट, एक लिफ्ट, फाटकावर विश्वनाथ नावाचा चौकीदार. त्या चहाच्या चार महिने आधी पलीकडच्या इमारतीतल्या एका निवृत्त मास्तरांना कुण्या भामट्यांनी पोलिस असल्याचं सांगून दोन दिवस मोबाईलसमोर बसवून ठेवलं. डिजिटल अटक म्हणतात त्याला. मास्तर बिचारे बाथरूमलाही विचारून जात होते. ते ऐकलं आणि मी सोसायटीची सुरक्षा स्वतःच्या हातात घेतली. कोणी मला नेमलं नाही, पण कोणी अडवलंही नाही. दारांवरच्या नावाच्या पाट्या काढायला लावल्या. अनोळखी नंबर उचलायचा नाही हे सगळ्यांना घोकून घेतलं. आणि कोणी येऊन कोणाचंही नाव विचारलं, मग तो पोलिस म्हणो की कलेक्टर, तर एकच उत्तर द्यायचं: या नावाचं इथे कोणी राहत नाही.

विश्वनाथची तर मी परीक्षाच घेतली. तोंडाला दुपट्टा बांधून, आवाज बदलून फाटकाशी गेलो आणि माझंच नाव विचारलं, "बळीराम टेंभुर्णे कोन्त्या मजल्यावर राह्यते?" त्याने मला नीट निरखून पाहिलं, बहुतेक ओळखलंही, आणि म्हणाला, "या नावाचं इथं कोनी राह्यत नाई जी." मी दुपट्टा सोडून त्याची पाठ थोपटली. प्रेमिलाच्या मोबाईलमध्ये मी स्वतः असं करून ठेवलं की अनोळखी नंबर आला तर घंटीच वाजणार नाही. तिला ते सांगायचं राहून गेलं.

या सगळ्याची सुरुवात झाली ती विहारातल्या एका रविवारपासून.

दीक्षा नावाची मुलगी, कॉलेजात इतिहास शिकवते, तिशीची असेल. इजिप्तमध्ये उत्खननाच्या कामावर दोन हंगाम राहून आलेली. तिने भिंतीवर पांढरी चादर लावून फोटो दाखवले. तांबड्या समुद्राच्या काठावर बेरेनिके नावाचं बंदर होतं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक राजाने वसवलं आणि त्याला आपल्या आईचं नाव दिलं. आफ्रिकेतून लढाईचे हत्ती जहाजाने आणायचे, ते उतरवायला ही जागा. पुढे रोमन लोकांचं राज्य आलं आणि हत्तींच्या जागी आपल्याकडचा माल उतरू लागला. उत्खननात रांजणभर काळी मिरी सापडली, भारतातल्या रांजणात. सागवानी लाकूड सापडलं, जुन्या जहाजांचं, घरात तुळई म्हणून वापरलेलं. आपल्याकडची माकडं सापडली, कुणीतरी हौसेने पाळलेली आणि मेल्यावर नीट पुरलेली. बंदराचं तोंड वाळूने भरत गेलं, जहाजं येईनाशी झाली, आणि माणसं गाव सोडून गेली. शेवटी तिने एक फोटो दाखवला. तिथल्या देवीच्या देवळाच्या आवारात सापडलेली बुद्धाची मूर्ती. दीड हात उंचीची, संगमरवरी, उजवीकडून तुटलेली, डोक्यामागे सूर्यासारखी किरणं.

मागच्या बाजूला दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. आणि नेमकी तेव्हाच माझ्या डोक्यातली घंटा वाजली. माझा नियम असा की जी गोष्ट आपल्याला फार गोड लागते ती आधी तपासायची, कारण गळाला नेहमी आपल्या आवडीचंच खाद्य लावलेलं असतं.

मी उभा राहिलो. "बाई, हे व्हॉट्सॲपवरचं तर नोहे ना? इजिप्तमंदी बुद्ध म्हंजे, उद्या चंद्रावर सापडला म्हनसान."

लोक हसले. दीक्षा चिडली नाही. "काका, तपासून पाहा ना. मी नावं लिहून देते." तिने खरंच चिठ्ठीवर लिहून दिलं. मी तीन दिवस तपासलं. गोष्ट खरी निघाली. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही, कारण मग दुसरा प्रश्न उभा राहिला: गोष्ट खरी आहे, तर ही मुलगी ती फुकटात सांगत का फिरते?

उत्तर पुढच्या रविवारी मिळालं. जानेवारीत ती बारा जणांना तिकडे नेणार होती. तिथे असं कोणालाही जाता येत नाही, परवानगी लागते. नावं आणि पासपोर्टचे नंबर एकदाच, वीस डिसेंबरला पाठवायचे, नंतर एकही नाव घालता येत नाही. "हे पाहा," मी प्रेमिलाला घरी येता येता म्हणालो, "ठगाची पहिली निशाणी. घाई."

प्रेमिला रात्री जेवताना म्हणाली, "आपन जाचं काय जी?"

"कुठं?"

"बेरेनिकेले."

"काय हाय वं तिथं? तिनंच तं सांगतलं. गुडघ्याएवढ्या भिंती अन् वाळू. पिरॅमिड तरी उभे हायेत. वाळू पाहाची असन तं कन्हानच्या नदीवर चाल, उद्या नेतो."

ती हसली नाही. तिने ताट उचललं आणि विषय संपला. मला वाटलं, संपला.

मग तो चहा आला. त्यानंतर एकेक गोष्ट दिसू लागली. प्रेमिला रोज चार वाजता बाहेर जायची, विचारलं तर "विहारात." भांडी घासताना पुटपुटायची. मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो की गप्प. एकदा दाराआडून कान दिला तर ऐकू आलं, "गावात पिन्याचं पानी नव्हतं. पानी दुरून याचं. उंटावर, गाढवावर..." मला वाटलं कुणीतरी हिला काही पाठ करायला लावतंय. ठग लोक असंच करतात, बँकेत काय बोलायचं ते घोकून घेतात.

मी लोखंडी कपाटाच्या दाराला काळा दोरा लावून ठेवला. मीटरची पेटी कोणी उघडली की नाही हे आम्ही असंच पाहायचो. दुसऱ्या दिवशी दोरा तुटलेला. आत साडीच्या घडीत तिचे चार फोटो, पांढऱ्या पाठीवरचे, दोन्ही कान दिसतील असे काढलेले. मी ते हातात घेऊन पुष्कळ वेळ बसलो. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. कागदावर सही करायला फोटो लागतात. दीक्षाचं नाव माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आणि मग वाळू. सकाळी साडेसहाला प्रेमिला फिरायला जाते, हे जुनंच. एका सकाळी मी अंतर ठेवून मागे गेलो. आमच्या मागच्या रस्त्याला नवीन इमारत उठते आहे, तिथे कन्हानच्या वाळूचा मोठा ढिगारा पडलेला. माझी एकसष्ट वर्षांची बायको साडी खोचून, पायात नवे बूट घालून त्या ढिगाऱ्यावर चढत होती. वर जाऊन थांबायची, कमरेवर हात ठेवून दम घ्यायची, उतरायची, पुन्हा चढायची. मी मोजलं, अकरा वेळा. शेवटी वर उभी राहून तिने दूर कुठेतरी पाहिलं, जिथे पाण्याची टाकी आणि विजेचा टॉवर याशिवाय काही नाही, आणि हसली. माझी पाचावर धारण बसली. कुण्या बाबाने हिला नादी लावलं की डोक्यावर परिणाम झाला, हेच मला ठरवता येईना.

तिला सरळ विचारावं हे माझ्या मनात आलं नाही. भरारी पथकात सरळ विचारायची पद्धत नसते.

दोन दिवसांनी, दुपारी अडीचच्या सुमाराला बेल वाजली. प्रेमिला बाहेर गेलेली. जाळीच्या दारापलीकडे पस्तिशीचा माणूस, चौकड्यांचा शर्ट, हातात मोबाईल आणि प्लास्टिकची फाइल.

"प्रेमिला बळीराम टेंभुर्णे इथंच राह्यतात काय काका?"

आडनावासकट पूर्ण नाव.

"तुमी कोन?"

"पोलिस ठान्यातून आलो जी. त्यायचा फोन लावून राहिलो तीन दिवसांपासून, उचलतच नाईत." त्याने जाळीला ओळखपत्र लावलं. असली ओळखपत्रं चौकाचौकात छापून मिळतात हे मीच सोसायटीत सगळ्यांना सांगितलेलं.

"काय काम होतं?"

"पासपोर्टचं व्हेरिफिकेशन हाय."

तिथे तो फसला. खोटं बोलणारा माणूस किती का तयारीचा असेना, एक चूक करतोच, आणि ती पकडायलाच मला पगार मिळायचा. पासपोर्ट म्हणे! माझी बायको माहेर सोडून कुठे गेली नाही. तिचं माहेर कन्हानच्या पलीकडलं खेडं. चाळीस वर्षांत तिने रामटेकच्या पुढे जायचा हट्ट धरला नाही. तिला पासपोर्ट कशाला लागतो? मला मनातल्या मनात हसू आलं.

"या नावाचं इथं कोनी राह्यत नाई," मी म्हणालो.

"पत्ता तं हाच हाय."

"मी या फ्लॅटचा मालक. मले मालूम नसन तं कोनाले असन?"

"तुमचं नाव काय जी?"

"बाबाराव," मी ठोकून दिलं.

त्याने काहीतरी लिहिलं आणि समोरची बेल वाजवली. समोर यमुताई राहतात, पंचाहत्तरीच्या, प्रेमिलाबरोबर रोज भाजी निवडायला बसतात. दार न उघडता आतूनच म्हणाल्या, "कोन प्रेमिला? मले नाई मालूम बापा." मी गॅलरीत जाऊन खाली पाहिलं. तो फाटकाशी थांबला, विश्वनाथशी बोलला. विश्वनाथने जोरजोरात मान हलवली. तो मोटारसायकलला किक मारून निघून गेला. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तिघांनी एकच सांगितलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. चार महिन्यांची शिकवणी फळाला आली होती.

प्रेमिलाला मी काही बोललो नाही. रविवारी गच्चीवर सोसायटीची सभा होती, तिथेच सांगायचं ठरवलं. तिलाही कळू दे की तिचा नवरा कोण आहे.

रविवारी वीस-बावीस माणसं होती. प्रेमिला तिसऱ्या रांगेत, यमुताईंच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर. मी सगळं रंगवून सांगितलं. ओळखपत्र, फाइल, मोटारसायकल. यमुताई आणि विश्वनाथ यांचं नाव घेऊन कौतुक केलं, टाळ्या पडल्या. मग शेवटचा हुकमाचा एक्का काढला.

"अन् बहाना काय सांगतला म्हनता? पासपोर्ट! आमच्या प्रेमिलाचा पासपोर्ट!"

गच्ची हसली. मीही हसत हसत तिच्याकडे पाहिलं.

प्रेमिलाचा चेहरा राखेसारखा झाला होता. हा चेहरा मी शेकडो वेळा पाहिलेला. मीटरची पेटी उघडली आणि आत तार सापडली की घरमालकाचा असा चेहरा होतो. मला वाटलं, पकडली. त्या टोळीत हीसुद्धा सामील आहे, आणि आज माझ्या हाती लागली. ती उठली, खुर्च्यांमधून वाट काढत जिन्याकडे गेली. मी सभा तशीच सोडून मागे धावलो.

घरात गेलो तर तिने टेबलावर एक फाइल ठेवलेली.

"तो खरा होता जी."

"कोन?"

"पोलिसवाला." तिने कागद काढले. पासपोर्टच्या अर्जाची पावती. आधार कार्डाची प्रत. बारा नावांची यादी, त्यात सातवं तिचं. "तुमाले सांगतलं असतं तं तुमी जाऊ देलं असतं काय? इतक्या दिवसांत मले एक गोष्ट तरी संशय न घेता करू देली काय? शिवनकामाचे मायेच पैसे होते. म्हनलं, पासपोर्ट हातात आला की मंग सांगीन."

"अन् ते पुटपुटनं?"

"तिथं हरेकाले एका विषयावर बोलाचं होतं. कोनी बुद्धावर घेतला, कोनी हत्तीवर. मी पान्यावर घेतला."

"अन् वाळूवर काहून चढत होती?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी पाठलाग केला होता हे तिला तेव्हा कळलं.

"गाडी दूर थांबते. वाळूतून चालत जा लागते," ती म्हणाली.

मी खुर्चीत बसलो. तीच बोलत राहिली, हळू, जणू ते भाषण इथेच संपवून टाकायचं होतं. "त्या गावात पिन्याचं पानी नव्हतं. दुरून विहिरीवरून आनाचे. अन् पानी कोनी आनलं, कोनाले देलं, हे मटक्याच्या खापरांवर लिहून ठेवत. ते खापरं सापडले. दोन हजार वर्षांचे. मायी माय विहिरीवर घागर घेऊन तासन् तास उभी राह्यची, कोनी वरून पानी टाकन म्हून. तिले विहिरीले हात लावाची सोय नव्हती. तिचं नाव कोनी लिहिलं नाई. दीक्षानं खापराचा फोटो दाखवला तवाच मी ठरवलं, त्या जागी जाऊन एकदा उभं राहाचं." तिने यादी फाइलीत परत ठेवली. "पानी वाहनाऱ्याचं नाव खापरावर दोन हजार वर्षं राह्यलं. मायं नाव तुमी एका दुपारी पुसलं."

मला लाज वाटली. आधी कधी इतकी वाटली नव्हती, लाच घेतल्याचा खोटा आळ आला होता तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ठाण्यात गेलो. टेबलामागे तोच माणूस, आज गणवेशात. त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "या बाबारावजी." मी सगळं सांगितलं, आधार कार्ड दाखवलं, हात जोडले. तो वाईट नव्हता. "काका, मी तिघायले विचारलं," तो म्हणाला. "तुमी, समोरच्या आजी, चौकीदार. तिघंही एकच बोलले. एवढं एकसारखं तं साक्षीदार कोर्टातही बोलत नाईत. रिपोर्ट वर गेला. आता पासपोर्ट कार्यालयातून पुन्हा तपासनी मागवा लागन."

पासपोर्ट कार्यालयात तारीख मिळाली ती तेवीस डिसेंबरची. दीक्षाने आपल्या परीने खटपट केली, तिकडे फोन लावले, दोन दिवस यादी रोखून धरली. बावीस तारखेला संध्याकाळी ती स्वतः घरी आली. तिने आणलेली यादी मी पाहिली. सहावं नाव, मग आठवं. मधली ओळ तशीच कोरी सोडलेली. मी तिच्यावर घेतलेले सगळे संशय तिला सांगावेत असं वाटलं, पण ते तरी कोणत्या तोंडाने सांगणार? मी चहा करून आणला. तिने घेतला.

प्रेमिला माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नेहमीसारखा स्वयंपाक करायची, विचारलं तेवढं बोलायची. चहा पुन्हा मागितल्यावरच मिळू लागला. सकाळी फिरायला जाणं बंद झालं. बूट खोक्यात घालून माळ्यावर गेले. मागच्या रस्त्यावरचा वाळूचा ढिगारा रोज थोडा थोडा खचत गेला आणि महिनाभरात सगळा गिलाव्याला लागून संपला. गॅलरीतून मला तो दिसायचा, म्हणून मी गॅलरीत बसणं सोडलं. सोसायटीतल्या लोकांनी पाट्या परत लावायच्या का असं विचारलं. मी म्हणालो, तुमचं तुम्ही पाहा.

एका रात्री ती झोपल्यावर मी तिचा मोबाईल घेतला, अनोळखी नंबरांची घंटी पुन्हा सुरू करायला. बराच वेळ हातात धरून बसलो आणि तसाच परत ठेवला. तिच्या मोबाईलला पुन्हा न विचारता हात लावायचा नाही, एवढं तरी मला शिकायला हवं होतं. सकाळी तिला सांगितलं की मी असं असं करून ठेवलं होतं, त्यामुळे पोलिसाचे फोन तुला आले नाहीत. तिने ऐकून घेतलं. "राहू द्या आता," म्हणाली, "आता कोनाचा याचा हाय?"

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी दीड वाजता, माझा मोबाईल वाजला. नंबर अधिक वीसने सुरू होणारा. असा परदेशी नंबर दिसला की काय करायचं हे मी चोवीस फ्लॅटना शिकवलं होतं. उचलायचा नाही, कापायचा, बंद करून टाकायचा. बोट लाल खुणेपर्यंत गेलंसुद्धा.

मग मी हिरवी खूण दाबली.

पलीकडे आधी नुसता वारा होता. मग तुटक तुटक आवाज आला. "हॅलो... काका, दीक्षा बोलते. इथलं कार्ड आहे... ताईंच्या फोनची घंटी वाजते पण कोणी उचलत नाही. रेंज येते-जाते. प्रेमिलाताई टेंभुर्णे तिथेच आहेत ना?"

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"काका? आहेत ना ताई?"

"हाय," मी म्हणालो. "इथंच हाय. प्रेमिला बळीराम टेंभुर्णे इथंच राह्यते."

"त्यांना द्या ना लवकर. आम्ही पाण्याच्या जागी उभे आहोत. अकरा जणांचं बोलून झालं. बारावं त्यांचं आहे."

मी स्वयंपाकघरात धावलो. प्रेमिला पोळ्या लाटत होती. मी मोबाईल पुढे केला आणि एवढंच म्हणालो, "बेरेनिकेवरून." तिने माझ्याकडे पाहिलं, आधी मोबाईलकडे नाही, माझ्याकडे. मी पहिल्यांदा तिच्या नजरेत संशय पाहिला, माझ्यावरचा. मग पिठाच्या हातानेच तिने मोबाईल घेतला, गॅस बंद केला, गॅलरीत गेली आणि मागे दार ओढून घेतलं.

कडी लावलेली नव्हती. दाराला बोटभर फट होती. हयातभर मी असली दारं ढकलून आत शिरत आलो. या वेळी तिथेच थांबलो.

तिचा आवाज आधी बारीक होता, मग मोकळा झाला. गावात पिण्याचं पाणी नव्हतं, पाणी दुरून यायचं, उंटावर, गाढवावर. ती एकदाही अडखळली नाही की मागे वळली नाही. विहिरी सांगितल्या, खापरं सांगितली. राजाने गावाला आईचं नाव दिलं हे सांगितलं. मग तिच्या आईची घागर सांगितली, आणि ते तिच्या पाठांतरात नव्हतं, कारण तिथे आवाजातली घोकल्याची लय सुटली होती. पलीकडून वाऱ्याबरोबर थोड्या टाळ्या आल्या. मग दीक्षाने काहीतरी विचारलं. बहुतेक वहीत नोंद करायला बोलणाऱ्याचं पूर्ण नाव हवं होतं.

प्रेमिलाने पिठाचा हात पदराला पुसला.

"लिहा," ती म्हणाली. "प्रेमिला. शामलाबाईची पोरगी. नागपूर."

माझं नाव तिने घेतलं नाही. मी दाराशी उभा होतो, आणि तव्यावरची अर्धी भाजलेली पोळी गार होत होती.